एलडी आणि स्लो लर्नर: मार्क सारखेच, भानगड वेगळी

ओपन हाऊसला बाई सांगतात, "तुमचा मुलगा जरा स्लो आहे, एलडीची टेस्ट करून घ्या." एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी कालवल्या, आणि घरी पोचेपर्यंत आईबाबांच्या डोक्यात त्याचं "आपलं पोरगं ढ आहे" एवढंच उरतं. मी रेमेडियल टीचर आहे, म्हणजे अभ्यासात अडणाऱ्या मुलांना वेगळं शिकवते, रोज अशाच मुलांबरोबर बसते म्हणून सांगते, एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी असलेलं मूल आणि स्लो लर्नर मूल प्रगतीपुस्तकावर अगदी जुळी भावंडं वाटतात, दोघांना मराठीत 38, गणितात 31, शेरा पण तोच, "अभ्यासाकडे लक्ष द्यावे". मार्कांवरून काही कळत नाही. तोंडी सांगणं आणि कागदावर उतरवणं यात किती अंतर आहे ते बघा, तिथे कळतं.

एलडीवाल्या एका चौथीतल्या पोराचं ऐका. दादरहून बोरिवलीला कसं जायचं विचारलं तर साहेब सुरू, "विरार फास्ट नाय पकडायची, बोरिवलीला उतरायलाच देत नाय लोकं, बोरिवली लोकल बघायची, आणि स्लो असली तर बसायला जागा मिळेल पण टाइम जाईल." म्हणजे कारण, पर्याय, फायदा-तोटा सगळं आलं. मग म्हटलं आता हेच तीन ओळीत लिही. पेन्सिलीला टोक केलं, खोडलं, पाणी प्यायला गेला, पोटात दुखतंय म्हणाला, आणि शेवटी कागदावर काय तर 'बोरवीली', 'गाडी'ची 'गडी', 'स्टेशन'चं 'सटेशन', आणि दोन ठिकाणी खोडरबरने कागद फाटलेला. डोक्यात सगळं तयार आहे हो, हातापर्यंत येताना अडकतंय.

आणि आपली लिपी पण अशा मुलांची परीक्षाच बघते. पहिली वेलांटी बोलताना अक्षराच्या नंतर येते पण लिहायची आधी. 'वर्ग'मधला अर्धा र बोलायचा ग च्या आधी आणि बसवायचा ग च्या डोक्यावर. ख चा 'रव' वाचला जातो, घ-ध, भ-म यांची अदलाबदल होते, काना गळतो, जोडाक्षर फुटतं. लोकांना वाटतं डिस्लेक्सिया म्हणजे इंग्रजी बी आणि डी उलटे लिहिणं, तेवढंच नाहीये ते. हां, पहिली-दुसरीत या चुका सगळीच मुलं करतात, लगेच घाबरून जाऊ नका, तिसरी-चौथीत पण सुटत नसतील तर बघायचं. वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लिहिण्याची डिस्ग्राफिया, आकड्यांची डिस्कॅल्क्युलिया, आणि बऱ्याच मुलांना यातल्या दोन एकत्र असतात.

आता स्लो लर्नर. सहावीतली एक मुलगी, वही बघाल तर खूश व्हाल, अक्षर टपोरं, समास सोडलेला, फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं. शिक्षक इथेच फसतात, वही पूर्ण आहे म्हणजे समजलंय असं धरतात. धडा वाचते पण, हळू वाचते पण बरोबर वाचते. मग विचारा की गोष्टीतला मुलगा घरी का नाही गेला, की गप्प. तुम्ही तोच धडा तिला वाचून दाखवलात तरी गप्पच. हीच मुलगी रोज ठरलेल्या प्लॅटफॉर्मवरून ठरलेली गाडी पकडून क्लासला यायला शिकली, वेळ लागला पण पक्कं शिकली, कधी चुकली नाही. एक दिवस गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर लावली, अनाऊन्समेंट झाली, इंडिकेटर तिने वाचला सुद्धा, आणि उभी राहिली रोजच्याच जागी. वाचता आलं, त्याचा अर्थ आपल्यासाठी काय ते लागलं नाही. म्हणजे एलडीमध्ये एखादा कप्पा अडलेला असतो आणि बाकीचं मूल तल्लख असू शकतं, स्लो लर्नरमध्ये सगळंच थोडं थोडं मागे, बोलणं, समजणं, गणित, खेळाचे नियम, आणि नवीन काही आलं की जास्तच.

आकड्यात सांगायचं तर आयक्यूची, म्हणजे बुद्ध्यांकाची, सरासरी 100 धरतात, 85 च्या वर नॉर्मल, 70 च्या खाली बौद्धिक अक्षमता, आणि मधले 70 ते 84 म्हणजे स्लो लर्नर. आयक्यूची वाटणीच अशी असते की या मधल्या पट्ट्यात शंभरातली साधारण 13-14 मुलं येतात. साठ मुलांच्या वर्गात आठ! ही मुलं कुणाच्या यादीतच नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात एलडी आहे, स्लो लर्नर कुठेच नाही. सरकारच्या 2018 च्या गाईडलाईनमध्ये असं होतं की आयक्यू 85 च्या वर आला तरच पुढची एलडीची टेस्ट, बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने बनवलेली, करायची. मग 82 आलेल्या मुलाचे आईवडील रिपोर्ट घेऊन विचारत फिरतात, परीक्षेत सवलती मिळवून देणारं एलडीचं सर्टिफिकेट कुठूनतरी मिळेल का. मला त्यांचा राग येत नाही, नियमाचाच येतो, पण खरं सांगू, ते सर्टिफिकेट मिळून पण फार उपयोग नसतो. ज्याला उत्तर माहितीये पण लिहायला वेळ लागतो त्याला एक्स्ट्रा टाइम कामाचा. ज्याला प्रश्नच कळला नाही तो एक्स्ट्रा टाइममध्ये काय करणार, पंख्याकडे बघत बसणार.

मदत वेगळी लागते ती यामुळेच. एलडीवाल्याला तोच धडा दहा वेळा लिहायला लावणं म्हणजे निव्वळ शिक्षा, त्याला पद्धत बदलून हवी. अक्षर आणि आवाज यांची जोडी सुटी सुटी करून, एका वेळी एकच मात्रा, बोटाने रव्यात गिरवत, मोठ्याने बोलत, आणि हे एकीकडे चालू असताना इतिहास-विज्ञान मात्र वाचून दाखवा किंवा मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवा, तोंडी उत्तर घ्या, नाहीतर वाचता येत नाही म्हणून ज्ञान पण मागे पडतं आणि मग ते मूल खरंच मागे दिसायला लागतं. स्लो लर्नरला उलट पद्धतीची जादू चालत नाही, त्याला कमी हवं. दहा मुद्द्यांतले चार निवडा, तेच खऱ्या नाण्यांनी, खऱ्या मापाने शिकवा, दोन दिवसांनी परत घ्या, आठ दिवसांनी परत घ्या. आणि 'बदललं तर काय' हे मुद्दाम शिकवावं लागतं, त्या मुलीला आम्ही प्लॅटफॉर्मचा तोच सराव वेगवेगळ्या स्टेशनांवर करून घेतला. तीस मुलांच्या ट्यूशनमध्ये या दोघांपैकी कुणाचंच भलं होत नाही, फी तेवढी जाते.

टेस्टच्या आधी डोळे आणि कान तपासा, हे सगळे विसरतात. घरी मराठी आणि शाळा इंग्लिश मीडियम असेल तर फक्त इंग्रजी कच्चं असणं म्हणजे एलडी नाही, डिस्लेक्सिया असेल तर नीट शिकवलेली मराठी वाचताना पण तो कुठे ना कुठे दिसतोच. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि सतत चुळबूळ, दोन्हीच्या सोबत असू शकतो, तो वेगळा विषय. घरच्या घरी एवढं करून बघा, धडा आधी मुलाला वाचायला देऊन प्रश्न विचारा, मग तसाच दुसरा धडा तुम्ही वाचून दाखवून विचारा. दुसऱ्या वेळी मूल एकदम खुललं तर एलडीची शंका घ्या, दोन्ही वेळा सारखंच अडलं तर स्लो लर्नरची. हे निदान नाही बरं का, डॉक्टरांना सांगायला निरीक्षण आहे.

मुंबईत सायन, केईएम, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांत एलडीची तपासणी होते. 2018 च्या गाईडलाईनप्रमाणे सर्टिफिकेट आठ वर्षांच्या आधी मिळत नव्हतं, 14 व्या आणि 18 व्या वर्षी परत तपासणी, 18 नंतरचं कायमचं, आताचा नियम तिथेच विचारून घ्या. एक्स्ट्रा टाइम, लेखनिक, कॅल्क्युलेटर, गणिताऐवजी सातवीचं अंकगणित अशा बोर्डाच्या सवलती हव्या असतील तर दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी धावू नका, आठवी-नववीतच कामाला लागा, दोन-तीन फेऱ्या धरूनच चाला. स्लो लर्नरसाठी मला एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड, बरं वाटतं, पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, एकेक दोनदोन विषय करत सुटता येतं, आणि गणित न घेताही दहावी होते. फक्त पुढे काय करायचंय ते आधी बघून विषय घ्या, डिप्लोमाला वगैरे गणित-सायन्स मागतात.