फुकटचा टर्न: पोकेमॉनमधल्या स्वीपरची पार्श्वभूमी

स्वीपर हा शब्द फुटबॉलमधून माहीत असलेल्यांची इथे आधी गल्लत होते. तिथला स्वीपर बचावफळीच्या मागे उभा राहून निसटलेले चेंडू निस्तरतो. पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या स्पर्धात्मक लढतीत (दोन खेळाडू, टर्न म्हणजे एक फेरी) स्वीपर म्हणजे नेमका उलटा गडी: समोरच्याचे उरलेसुरले पोकेमॉन ओळीने लोळवणारा.

खेळाच्या आतही हा शब्द स्वच्छ राहिला नाही. सुरुवातीची वाटणी ढोबळ होती. अटॅक किंवा स्पेशल अटॅक (फिजिकल आणि स्पेशल अशा दोन प्रकारच्या हल्ल्यांच्या ताकदीचे आकडे) मोठा, स्पीड बरा, की झाला स्वीपर. मार खाऊन उभा राहतो तो वॉल. पुढे लक्षात आलं की एकाच नावाखाली चार निराळी कामं कोंबली आहेत. आधी स्वोर्ड्‌स डान्स किंवा ड्रॅगन डान्स (स्वतःचे आकडे वाढवणाऱ्या, म्हणजे बूस्ट देणाऱ्या मूव्ह; मूव्ह म्हणजे चाल) करून मग सुटतो तो सेटअप स्वीपर. वॉलला भगदाड पाडतो, पण वेग नसल्यामुळे एकदोन बळी घेऊन थांबतो तो वॉलब्रेकर. बूस्टच्या भानगडीत न पडता, सगळे अर्धमेले झाल्यावर येऊन आवरतो तो क्लीनर. आपला गडी पडल्यावर फुकट मैदानात उतरून समोरच्या एकालाच टिपतो तो रिव्हेंज किलर. टेराकियन हा एकच पोकेमॉन घ्या: ताकद वाढवणारा चॉइस बँड हा आयटम (सोबत धरायची वस्तू) बांधला की वॉलब्रेकर, वेग वाढवणारा चॉइस स्कार्फ बांधला की क्लीनर किंवा रिव्हेंज किलर, आणि स्वोर्ड्‌स डान्स दिला की सेटअप स्वीपर. त्यामुळे ‘हा पोकेमॉन चांगला स्वीपर आहे का’ हा प्रश्न अर्धवटच आहे. आयटम आणि चार मूव्ह सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

सेटअप स्वीपर बाकीच्या तिघांपासून वेगळा पडतो तो एका टर्नमुळे. बूस्ट करायला एक टर्न लागतो आणि त्या टर्नमध्ये समोरचा मोकळा असतो. हा टर्न कितीला पडतो, यावरून स्वीपरभोवतीचे बहुतेक वाद झाले आहेत.

पहिल्या दोन पिढ्यांबद्दल (पिढी म्हणजे खेळाची नवी आवृत्ती) थोडक्यात. १९९६ च्या मूळ खेळात स्पेशल हा एकच आकडा होता, त्यामुळे अ‍ॅम्नेशिया एकदा केलं की मारायची आणि सोसायची ताकद एकदम दुप्पट. क्रिटिकल हिटची (नशिबाने जोरात बसणाऱ्या फटक्याची) शक्यता बेस स्पीडवरून, म्हणजे त्या पोकेमॉनच्या मूळ वेगावरून ठरायची (बेस स्पीड भागिले ५१२, म्हणजे टॉरोसला साधारण २१ टक्के), आणि क्रिटिकल बूस्ट जमेस धरतच नसे. स्वोर्ड्‌स डान्स केलेल्याचा फटका क्रिटिकल बसला तर उलट कमी लागायचा. वेगवान गड्याला बूस्टची फारशी गरजही नव्हती. १९९९ मध्ये स्पेशलचे दोन भाग झाले, दर टर्नला थोडा जीव भरून देणारा लेफ्टओव्हर्स हा आयटम आला, आणि प्रत्येक आकडा कमाल पातळीपर्यंत वाढवता येत असल्यामुळे सगळेच जाडजूड झाले. त्या काळातला खरा स्वीपर म्हणजे कर्स ही बूस्टची मूव्ह करत करत फुगणारा स्नॉरलॅक्स. झाडू कमी, रोडरोलर जास्त.

आज आपण ज्याला स्वीपर बांधणं म्हणतो ते २००२ मध्ये सुरू झालं. ईव्हींवर (सरावातून आकड्यांत वाटायचे गुण) एकूण ५१० ची मर्यादा आली, नेचर (एक आकडा वाढवून दुसरा घटवणारा स्वभाव) आले, अ‍ॅबिलिटी (पोकेमॉनच्या अंगभूत खुब्या) आल्या, आणि ड्रॅगन डान्स व काम माइंड आले. आता सगळं एकाच वेळी मिळणार नव्हतं. २५२ अटॅक, २५२ स्पीड, उरलेले ४ कुठेतरी, हा साचा तेव्हापासूनचा. एक अडचण मात्र राहिली: मूव्ह फिजिकल की स्पेशल हे तिच्या टाइपवरून (पाणी, वीज, ड्रॅगन अशा प्रकारावरून) ठरत होतं. पाणी आणि फ्लाइंग टाइपच्या गॅराडोसचा बेस अटॅक १२५ आणि स्पेशल अटॅक ६०, पण पाण्याची प्रत्येक मूव्ह स्पेशल. ड्रॅगन डान्स करून त्याने मारायचं काय? फ्लाइंग टाइपची हिडन पॉवर आणि अर्थक्वेक, बस.

२००६ मध्ये ही विभागणी मूव्हनिहाय झाली. वॉटरफॉल फिजिकल झालं आणि गॅराडोस एका रात्रीत दुसराच प्राणी झाला. त्याच वेळी लाइफ ऑर्ब आला (ताकद १.३ पट, दर हल्ल्यामागे दहा टक्के एचपी म्हणजे जीव वजा), चॉइस स्कार्फ आला (स्पीड १.५ पट, पण एकाच मूव्हला जखडलेला), आणि स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्या प्रत्येक गड्याला इजा करणारी मूव्ह) आलं. स्वीपर बांधण्याची आजची आकडेमोड या तिघांनी घडवली. ती एकदा जवळून पाहण्यासारखी आहे.

लेव्हल १००, आयव्ही (जन्मजात गुण) कमाल म्हणजे ३१, ईव्ही २५२ असताना स्पीड म्हणजे बेसची दुप्पट अधिक ९९. नेचर स्पीडचं असेल तर त्याची १.१ पट, पूर्णांकानंतरचं सोडून द्यायचं. गॅराडोसचा बेस ८१, म्हणजे अ‍ॅडमंट नेचरने (अटॅक वाढवणाऱ्या) २६१ आणि जॉली नेचरने (स्पीड वाढवणाऱ्या) २८७. एक ड्रॅगन डान्स (अटॅक आणि स्पीड १.५ पट) झाल्यावर अनुक्रमे ३९१ आणि ४३०. आता समोर कोण आहे ते बघा. पूर्ण वेगाचा स्टार्मी ३६१, त्याला अ‍ॅडमंट गॅराडोसही मागे टाकतो. पण जोल्टिऑन ३९४. तीन आकड्यांनी मागे पडलात आणि चौपट लागणारी वीज अंगावर आली. जॉली घेतलं तर जोल्टिऑन मागे पडतो, पण अटॅक सुमारे नऊ टक्क्यांनी कमी होतो आणि आधी एका फटक्यात मरणारे दोन फटके मागू लागतात. नेचर आवडीवर ठरत नाही. नेमक्या कोणाच्या पुढे जायचं आहे त्याचं नाव आधी लिहायचं आणि तिथून मागे यायचं.

उरलेल्या ४ ईव्हींचंही तसंच. ते एचपीत टाकायची सवय बहुतेकांना असते आणि गॅराडोसच्या बाबतीत ती चूक आहे. एचपीत काहीच न टाकता त्याचे ३३१ होतात. स्टेल्थ रॉक त्याचे पाव एचपी खातं, म्हणजे ८२. चार वेळा आत आला तरी ३ एचपी उरतात. ते ४ ईव्ही एचपीत टाकले की ३३२, पाव म्हणजे बरोबर ८३, आणि चौथ्या प्रवेशाला तो दारातच मरतो. व्होल्कारोनाचे अर्धे जातात. ३११ असतील तर दुसऱ्या प्रवेशानंतर १ एचपी उरतो, ३१२ केले तर शून्य. ते चार डिफेन्समध्ये टाका.

ही आकडेमोड सुटली तरी मूळ अडचण राहते: तो टर्न मिळवायचा कसा. रीत जुनीच आहे. समोरचा गडी बदलणार हे दिसत असेल तेव्हा, किंवा जो आपलं काही बिघडवू शकत नाही त्याच्यासमोर सेटअप करायचा. चॉइस आयटमवाला आपल्याला न लागणाऱ्या मूव्हमध्ये अडकला असेल तर सोन्याहून पिवळं. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे घाई. रोर किंवा व्हर्लविंडवाला (गड्याला मैदानातून हाकलणारा) जिवंत आहे, प्रायॉरिटी मूव्हवाला (वेग कसाही असो, आधी मारणारा) जिवंत आहे, स्कार्फ कोणाकडे आहे ते कळलेलं नाही, आणि तिसऱ्याच टर्नला ड्रॅगन डान्स. बूस्ट वाया जातो, वर आपला शेवटचा पत्ता काय होता तेही समोरच्याला कळतं. २०१० मध्ये टीम प्रिव्ह्यू आल्यावर सहाही गडी आधीच दिसू लागले आणि ही चूक आणखी महाग झाली.

त्याच २०१० च्या पाचव्या पिढीत या टर्नची किंमत जवळजवळ शून्यावर आली. इथे जरा थांबायला हवं, कारण तेव्हाचा निर्णय अजूनही पचलेला नाही.

चौथ्या पिढीत ड्रिझल (आत येताच पाऊस पाडणारी खुबी) फक्त क्योग्रेकडे होतं आणि क्योग्रे साध्या लढतींतून बाहेर होता. पाऊस हवा तर रेन डान्स करावा लागे. तो पाच टर्न टिके, डॅम्प रॉक धरला तर आठ, आणि त्यातला एक पाडण्यातच गेलेला. पाऊस पाडून लगेच एक्स्प्लोजनने स्वतः फुटणारा ब्राँझाँग हा तेव्हाचा ठरलेला मार्ग: एक गडी खर्च करायचा आणि उरलेल्या सहा टर्नमध्ये जमेल तेवढं झाडून घ्यायचं. पाचव्या पिढीत पोलिटोडला ड्रिझल मिळालं. तो नुसता आत आला की पाऊस, आणि दुसरं हवामान येईपर्यंत तो थांबायचा नाही.

स्विफ्ट स्विम ही खुबी पावसात स्पीड दुप्पट करते. ती असलेल्या किंगड्राचा बेस ८५. स्पीडचं नेचर न घेता २६९, पावसात ५३८. स्कार्फ बांधलेला पूर्ण वेगाचा टेराकियन ५१९, लॅटिऑस ५२५. दोघेही मागे. नेचर ताकदीला मोकळं, आयटम ताकदीला मोकळा, सेटअपचा टर्न नाही. हायड्रो पंपला स्वतःच्या टाइपची १.५ पट, पावसाची १.५ पट, वर चॉइस स्पेक्स या आयटमची १.५ पट, म्हणजे ३.३७ पटीहून थोडं अधिक. पाणी शोषणारा वेपोरिऑन आणला तर ड्रेको मीटिऑर ही ड्रॅगन टाइपची मूव्ह तयार. पाणी आणि ड्रॅगन दोन्ही झेलणारा फेरोथॉर्न एक आधार होता, पण जोडीला लुडिकोलो (पावसात ४७८) आणि काबुटॉप्स (५१८) असताना एकटा फेरोथॉर्न किती जणांना पुरणार.

काहीतरी बंद करायला हवं यावर फारसं दुमत नव्हतं. काय, यावर होतं. चाहत्यांच्या नियम ठरवणाऱ्या मंडळींपुढे तीन वाटा होत्या: ड्रिझल काढा, किंगड्रासारखे एकेक गडी काढा, किंवा ड्रिझल आणि स्विफ्ट स्विम एकाच संघात नको असं म्हणा. २०११ मध्ये तिसरी निवडली गेली. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की पोलिटोड एकटा साधा आहे, किंगड्रा पावसाविना साधा आहे, रोग फक्त जोडीत आहे, मग दोघांना कशाला मारायचं? हाताने रेन डान्स करून स्विफ्ट स्विम खेळायची मुभाही राहिली.

विरोधकांचा मुद्दा तत्त्वाचा होता आणि तो जास्त वजनदार होता. तोवरचा रिवाज सरळ होता: एखादी गोष्ट झेपत नाही, तर ती गोष्ट बाहेर. जोडीवर बंदी घातली की तिला अंतच नाही. मग गारचॉम्पही सँड व्हेल या, वाळूच्या वादळात हल्ले चुकवणाऱ्या खुबीशिवाय चालेल का? याचं समाधानकारक उत्तर कोणी दिलं नाही. उलट त्याच पिढीत वाळूच्या वादळात सँड रशने, स्पीडचं नेचर न घेताही, ५५० ने पळणारा एक्सकॅड्रिल आला, दुखणं अगदी तेच, आणि तिथे मात्र जोडीऐवजी एक्सकॅड्रिललाच बाहेर काढलं. एकाच आजारावर दोन वैद्य, दोन औषधं. बऱ्याच काळाने त्या पिढीचे नियम पुन्हा उघडले तेव्हा वाळूबाबतही बंदी गड्यावरून अ‍ॅबिलिटीकडे सरकली आणि ऊन-क्लोरोफिलच्या (उन्हात वेग दुप्पट करणारी खुबी) जोडीलाही अटकाव झाला. म्हणजे दार एकदा उघडल्यावर त्यातून बाकीचेही आलेच.

दुसरा परिणाम कमी बोलला जातो. जोडी तुटली पण कायमचा पाऊस राहिला. हरिकेन पावसात चुकत नाही, पाण्याच्या मूव्हला १.५ पट मिळतेच, त्यामुळे पाचवी पिढी संपेपर्यंत संघ बांधताना ‘पावसाचं काय’ हा पहिला प्रश्न राहिला. ड्रिझललाच काढलं असतं तर त्या पिढीचा इतिहास वेगळा दिसला असता. २०१३ मध्ये खेळ बनवणाऱ्यांनीच अ‍ॅबिलिटीने येणारं हवामान पाच टर्नांवर आणलं आणि वादातली हवा गेली. पुढे २०१४ चा स्विफ्ट स्विमवाला मेगा स्वॅम्पर्ट पोलिटोडच्या पावसात बिनदिक्कत पोहला. टर्नला पुन्हा किंमत आली होती, एवढाच फरक.

पाचव्या पिढीनेच शेल स्मॅश आणि क्विव्हर डान्स दिले, म्हणजे एका टर्नमध्ये पूर्वी दोनतीन टर्नांत मिळायचं तेवढं. क्लॉयस्टर शेल स्मॅशनंतर जॉली नेचरने ५२४ वर जातो. टेराकियनच्या स्कार्फला पाच आकड्यांनी हरवतो आणि लॅटिऑसच्या स्कार्फपुढे एका आकड्याने हरतो. पण तिथे टर्न खरोखर खर्च होतो आणि बचाव खाली येतो, म्हणून त्यावर तेवढं रान उठलं नाही.

डायनामॅक्सवर उठलं. २०१९ च्या खेळात तीन टर्नांसाठी गडी महाकाय व्हायचा, एचपी दुपटीपर्यंत जायचा, आणि मॅक्स एअरस्ट्रीम मारता मारता स्पीड एक पायरी वाढवायचं. बाउन्स (महाकाय झाल्यावर मॅक्स एअरस्ट्रीम होणारी फ्लाइंग मूव्ह) शिकवलेल्या गॅराडोसला आता ड्रॅगन डान्सचीही गरज नव्हती, हल्ला हाच सेटअप. मोक्सी ही खुबी असेल तर बळी पडला की अटॅकही वर. रोरनेही त्याला हाकलता येत नसे. डिसेंबर २०१९ मध्ये एकास एक लढतींच्या चाहत्यांच्या नियमांतून डायनामॅक्स गेलं. अधिकृत स्पर्धा जोडीने खेळल्या जातात, तिथे ते राहिलं आणि तिथे ते शोभलंही, कारण दोन गडी मिळून एकावर तुटून पडू शकतात.

२०२२ च्या टेरास्टलवरही तसाच खल झाला, पण ते टिकलं. बूस्ट फुकट मिळत नाही, टाइप बदलतो, आणि तोही लढतीत एकदाच. ड्रॅगनाइट नॉर्मल टाइप होऊन एक्स्ट्रीम स्पीड मारतो तेव्हा ड्रॅगन डान्सचा टर्न त्याने आधी कमावलेला असतो. त्याच खेळात वेगाशिवायचा स्वीपरही रूढ झाला. किंगॅम्बिटचा बेस स्पीड फक्त ५०. सुप्रीम ओव्हरलॉर्ड या खुबीमुळे पडलेल्या प्रत्येक साथीदारामागे त्याची ताकद दहा टक्के वाढते, कमाल पन्नास. म्हणून त्याला शेवटपर्यंत झाकून ठेवायचं आणि सकर पंचने आधी मारायचं. समोरच्याने हल्ला निवडला नसेल तर सकर पंच फसतं, आणि त्याचे पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येते तो आकडा) कमाल आठ. म्हणून अनुभवी खेळाडू त्याच्यासमोर हल्ला न करता बूस्टिंग किंवा रिकव्हरीच्या मूव्ह लावतात आणि आठ मोजत बसतात.