डॉकिंगसाठी रेणूंची यादी पाठवण्याआधी

आम्ही वनस्पतीतल्या रेणूंचे डॉकिंग करून देतो, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसतो ते संगणकावर तपासून त्याला गुण देतो. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच याद्या एकाच कारणाने अडतात. रेणूची आकृती असते, पण त्यातल्या अणूंच्या त्रिमितीय दिशा दिलेल्या नसतात. मग विचारपूस सुरू होते आणि आठवडा जातो.

सिंकोनाच्या सालीत क्विनीन आणि क्विनिडीन दोन्ही असतात. रेणुसूत्र एकच, अणूंची जोडणीही तीच. फरक फक्त काही कार्बनांभोवतीच्या दिशांचा. पण क्विनीन हिवतापावर देतात आणि क्विनिडीन हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर. सपाट आकृतीत दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. अशी आकृती दिली तरी संगणक तक्रार करत नाही. मनाने एक रूप ठरवतो आणि गुण काढून देतो. हा आकडा भलत्याच रेणूचा असू शकतो.

‘सगळी रूपे चालवून बघा’ असे काही जण सुचवतात. ज्यांच्याभोवतीची दिशा दोन प्रकारे असू शकते असे 6 कार्बन, म्हणजे केंद्रे, असतील तर 64 पर्यंत रूपे होतात. त्यांतली बहुतेक वनस्पतीत नसतातच, आणि नेमके त्यातलेच एखादे यादीत वर येते. म्हणून खात्री होईपर्यंत आम्ही काम सुरू करत नाही.

पबकेम या रेणूंच्या मोफत ऑनलाइन माहितीसाठ्यातला सीआयडी (नोंद) क्रमांक पाठवा, पण नोंद उघडून दिशा दाखवल्या आहेत ना ते बघा. एकाच नावाखाली सपाट नोंदही सापडते. स्मायल्स ओळ (रेणूची रचना अक्षरांत लिहिलेली ओळ) देत असाल तर अशा केंद्रांपाशी @ चिन्ह हवे. क्वेर्सेटिनमध्ये अशी केंद्रेच नाहीत, तिथे ते नसणारच. नुसते वनस्पतीचे किंवा अर्काचे नाव पुरत नाही.

आम्ही आधी प्रथिनाच्या स्फटिकरचनेतला मूळ लिगँड (प्रथिनाला चिकटलेला रेणू) काढून परत बसवून बघतो. तो मूळ जागेपासून 2 अँगस्ट्रॉमच्या (अणूंची अंतरे मोजायचे एकक) आत आला, तरच तुमचे रेणू चालवतो. यात वेळ जातो, पण ही पायरी आम्ही गाळत नाही. आणि उणे 8.1 व उणे 8.4 अशा जवळच्या डॉकिंग गुणांत डावे-उजवे करू नका. एवढा फरक पद्धतीतल्या संभाव्य त्रुटीच्या मर्यादेतच येतो. करक्युमिनसारखे, चाचण्यांत फसवे निकाल देणारे रेणू अहवालात वेगळे दाखवतो, म्हणजे प्रयोगशाळेतला खर्च कुठे करायचा ते तुम्हाला ठरवता येते.

काम द्यायचे नक्की नसले तरी यादी पाठवा. दिशांची तपासणी आम्ही मोफत करतो आणि त्रुटी रेणूनिहाय लिहून कळवतो.