जुने सॉफ्टवेअर नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवणे

एका ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिलेला प्रोग्रॅम तिच्या पुढच्या आवृत्तीवर, किंवा मूळ सिस्टीम मागे पडल्यावर वेगळ्याच सिस्टीमवर, चालवण्याच्या पद्धतींचा विचार या नोंदीत केला आहे. नव्या आवृत्तीवरही जुने प्रोग्रॅम चालत राहणे याला बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात. ही गरज केवळ हौशी लोकांची नाही. प्रयोगशाळेतले मोजमापाचे यंत्र पंचवीस वर्षे बिनतक्रार चालते. त्याला जोडलेला संगणक मात्र तेवढ्या काळात तीन-चार वेळा बदलावा लागतो. हिशेबाच्या किंवा आराखड्यांच्या जुन्या फाइली तर अनेकदा ज्या प्रोग्रॅमने बनवल्या त्याच्याशिवाय दुसऱ्या कशातच उघडत नाहीत.

सॉफ्टवेअर यंत्रासारखे झिजत नाही. डिस्क शाबूत असेल तर तीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅममधला एकही बिट बदललेला नसतो. बदलते ते त्याच्या भोवतालचे. प्रोसेसरचा वेग, फोल्डरची नावे, मेमरीचे वाटप, सिस्टीमचा आवृत्ती क्रमांक अशा कितीतरी गोष्टी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मनातल्या मनात गृहीत धरलेल्या असतात. त्यातली एक जरी खोटी ठरली तरी प्रोग्रॅम अडतो.

टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेल्या, विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टीमवरच्या प्रोग्रॅमांचे उदाहरण बोलके आहे. त्यातले क्रट हे युनिट, म्हणजे प्रोग्रॅममध्ये जोडला जाणारा तयार कोडचा भाग, सुरुवातीलाच संगणकाचा वेग मोजत असे. सुमारे ५५ मिलिसेकंदांत एका लूपचे किती फेरे होतात ते मोजायचे, त्याला ५५ ने भागायचे आणि आलेला आकडा १६ बिटांत ठेवायचा, अशी ही रीत. १६ बिटांत ६५,५३५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही, आणि त्या काळच्या संगणकांवर तो कधी तिथवर पोचतही नसे. पण सुमारे २०० मेगाहर्ट्झचे प्रोसेसर आले आणि भागाकार मावेनासा झाला. चालताबोलता प्रोग्रॅम ‘रनटाइम एरर २००’ एवढे सांगून पडद्यावर काही उमटण्याआधीच बंद पडू लागला. या त्रुटीचा छापील अर्थ ‘शून्याने भागाकार’. शून्य कुठेच नव्हते. संगणक वेगवान झाला एवढेच घडले होते.

सिस्टीम बनवणाऱ्यांना या गृहीतकांची पुरेपूर जाणीव असते. सिमसिटी या गेममध्ये सिस्टीमला परत केलेली मेमरी पुन्हा वाचण्याची चूक होती. जुन्या विंडोजवर ती खपून जाई; विंडोज ९५ वर गेम कोसळू लागला. मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमरांनी सिमसिटी चालू आहे का हे ओळखून तेवढ्यापुरती मेमरी वेगळ्या पद्धतीने हाताळणारा कोड विंडोजमध्येच घातला. चूक गेमची, दुरुस्ती सिस्टीमची! विंडोजवर जुने प्रोग्रॅम इतकी वर्षे टिकले याचे श्रेय अशाच न दिसणाऱ्या कामाला आहे.

विंडोज एक्सपीपासून प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कंपॅटिबिलिटी’ हा टॅब मिळतो. त्यात जुनी आवृत्ती निवडली की प्रोग्रॅम आणि सिस्टीम यांच्यामध्ये शिम नावाचा पातळ थर येतो आणि तो प्रोग्रॅमला जुनाच आवृत्ती क्रमांक सांगतो. हे खोटे बोलणे गरजेचे असते. एक्सपीचा क्रमांक ५.१. काही प्रोग्रॅम मुख्य क्रमांक ५ किंवा जास्त आणि उपक्रमांक १ किंवा जास्त आहे का, असे दोन्ही आकडे सुटे तपासत. व्हिस्टाचा ६.० आला आणि नवी सिस्टीम त्यांना जुनी वाटली. विंडोज ७ चा आतला क्रमांक ६.१ ठेवला गेला, त्यामागे जुन्या प्रोग्रॅमांची हीच काळजी होती.

व्हिस्टापासूनची आणखी एक सोय माहीत असायलाच हवी, कारण तिच्यापायी माहिती हरवू शकते. जुने प्रोग्रॅम आपली माहिती बिनदिक्कत प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरात लिहीत. नव्या सिस्टीमवर साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिता येत नाही, म्हणून विंडोज ती फाइल गुपचूप त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरात ठेवते. प्रोग्रॅमला काही कळत नाही. बॅकअप घेणारा मात्र मूळ फोल्डर कॉपी करून निर्धास्त होतो आणि खरी माहिती जुन्या संगणकावरच राहते.

काही दारे कायमची बंद झाली आहेत. प्रोसेसर एका वेळी किती बिट हाताळतो त्यावरून सिस्टीम आणि प्रोग्रॅम १६, ३२ किंवा ६४-बिट म्हटले जातात. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅम चालतात, जुने १६-बिट चालत नाहीत. कधी प्रोग्रॅम ३२-बिट असतो पण त्याचा इन्स्टॉलर १६-बिट निघतो आणि सगळे तिथेच थांबते. ॲपलचे धोरण याहून कडक आहे. प्रोसेसर बदलताना ती कंपनी जुन्या प्रोसेसरचे प्रोग्रॅम नव्यावर चालवणारा अनुवादक प्रोग्रॅम पुरवते आणि काही वर्षांनी काढून घेते: इंटेल मॅकसाठी २००६ साली आलेला रोझेटा २०११ च्या लायन आवृत्तीत उरला नाही, आणि २०१९ च्या कॅटालिनाने ३२-बिट प्रोग्रॅम सरसकट बंद केले. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, जुने प्रोग्रॅम मोडायचे नाहीत हा नियम कसोशीने पाळतो. तिथे अडचण येते ती बहुधा बदललेल्या लायब्ररींची, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या तयार कोडची.

सिस्टीमची स्वतःची सोय पुरत नाही तेव्हा बाहेरचे उपाय करावे लागतात. डॉसबॉक्स अख्खा जुना संगणक, त्याच्या साउंड कार्डासकट, सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. त्याचा वेग हवा तेवढा कमी करता येतो, त्यामुळे वर सांगितलेली २०० क्रमांकाची त्रुटी तिथे टाळता येते. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकात, खराच प्रोसेसर पूर्ण वेगाने काम करतो, म्हणून ती त्रुटी तिथेही भेटते. पण जुनी विंडोज तिच्या प्रोग्रॅमांसह जशीच्या तशी जपायला हाच मार्ग उत्तम. १९९३ साली सुरू झालेला वाइन हा प्रकल्प वेगळा आहे. तो विंडोजच्या प्रोग्रॅमने केलेली प्रत्येक मागणी लिनक्सला किंवा मॅकला समजेल अशी करून देतो. ६४-बिट विंडोजने नाकारलेले १६-बिट विंडोज प्रोग्रॅमही ६४-बिट लिनक्सवर वाइनमध्ये चालू शकतात.

खरी कोंडी हार्डवेअरपाशी होते. उपकरण चालवणारा ड्रायव्हर हा प्रोग्रॅम सिस्टीमच्या गाभ्यात चालतो, त्याला शिमचा उपयोग नाही. ६४-बिट विंडोजला ६४-बिटच ड्रायव्हर लागतो. प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बसणाऱ्या डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याची खूण असलेल्या छोट्या उपकरणाशिवाय, न उघडणारे प्रोग्रॅम इथेच अडकतात. इंटरनेटवरून ॲक्टिव्हेशन मागणाऱ्या प्रोग्रॅमचा सर्व्हर बंद झाला, तर नव्याने इन्स्टॉल करणे त्याच्या मूळ सिस्टीमवरसुद्धा जमत नाही.

जुन्या सिस्टीमला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्यामुळे अशी व्हर्च्युअल मशीन नेटवर्कपासून तोडून ठेवावी, सगळे नीट चालते आहे तेव्हाच तिचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची जतन केलेली नोंद, घ्यावा, आणि प्रोग्रॅम उघडतो आहे तोवर त्यातली माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत बाहेर काढून ठेवावी.