मोनेचा नारिंगी सूर्य आणि सैल हात

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८७२ साली फ्रान्समधील ल हाव्र बंदराचे ‘इम्प्रेशन, सनराइज’ हे चित्र रंगवले. जेमतेम ४८ सेंटिमीटर उंच आणि ६३ सेंटिमीटर रुंद असलेले हे चित्र कुंचल्याचे सैल फटकारे शिकणाऱ्याने एकदा तरी समोर ठेवून गिरवावे, असे मला मनापासून वाटते. मात्र ते गिरवताना होड्या आणि डोलकाठ्या नव्हे, तर उजेडाची मापे, म्हणजे कोणता भाग किती उजळ वा गडद आहे ते, उतरवायची असतात.

याचा पुरावा चित्रातल्या सूर्यातच आहे. मी पहिल्या प्रतीत नारिंगी रंगात पांढरा मिसळून सूर्य आकाशापेक्षा उजळ केला आणि तो निस्तेज पडला. मूळ चित्राचे छायाचित्र कृष्णधवल करून पाहिल्यावर कारण कळले; सूर्य भोवतालच्या करड्या आकाशात जवळजवळ विरून गेला होता. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांच्या स्पष्टीकरणानुसार, जागा, खोली आणि हालचाल ओळखणारी मेंदूतील यंत्रणा मुख्यतः उजेड-अंधाराचा फरक टिपते, रंग ओळखणारी यंत्रणा वेगळी असते. मोनेंचा सूर्य दुसरीला ठळक दिसतो, पहिलीला मात्र जवळपास दिसतच नाही, आणि म्हणून तो एका जागी न ठरता थरथरल्यासारखा भासतो. भोवतालच्या निळसर करड्यामुळे त्याचा नारिंगीपणा आणखी खुलतो, कारण शेजारी ठेवलेले विरोधी रंग एकमेकांना तीव्र करतात. रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी हा परिणाम १८३९ मध्येच सविस्तर मांडला होता.

म्हणून सैल फटकारा म्हणजे घाईचा फटकारा नव्हे. रंग आणि त्याचा उजळपणा पॅलेटवरच ठरवून घ्यावा, डोळे किलकिले करून तो मूळ चित्राशी ताडून पाहावा आणि मगच कुंचला उचलावा. कुंचला दांड्याच्या मागच्या टोकाकडे धरला की बोटांची बारीक हालचाल थांबते, हात कोपरातून आणि खांद्यातून फिरू लागतो.

पुढच्या होडीतला उभा माणूस जवळून पाहिला तर काही गडद फटकाऱ्यांपलीकडे काहीच नाही. चार पावले मागे सरकताच तो माणूस होतो, कारण ओळख पटण्यासाठी डोळ्याला गडद-फिकट भागांची ढोबळ मांडणी पुरते. हा माणूस सर्वांत शेवटी, एका दमात रंगवावा आणि त्याला पुन्हा कुंचला लावू नये.