डिकीतला एक फॅरड

गाडीतल्या सबवूफरचा, म्हणजे खोल बेस वाजवणाऱ्या स्पीकरचा, ठोका पडला की हेडलाइट मिणमिणतात. मग कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "एक फॅरडचा कॅपॅसिटर टाक, काम होऊन जाईल." कॅपॅसिटर म्हणजे वीज साठवून झटक्यात सोडणारा डबा, फॅरड हे त्याच्या धारितेचं माप. डिकीत निळे आकडे दाखवणारा हा चकचकीत डबा बसतो, खिसा हलका होतो, हेडलाइट मात्र मिणमिणतच राहतात.

का, ते आकडेच सांगतात. कॅपॅसिटरमधली ऊर्जा म्हणजे धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, कमी पडला की ते बॅटरीच्या पातळीला, १२.६ च्या आसपास येतात. एवढ्या घसरणीत एक फॅरडच्या डब्यातून बाहेर पडतात जेमतेम २४ ज्यूल. सबवूफरला ताकद देणारा १००० वॉटचा अँप्लिफायर ८० टक्के कार्यक्षमतेने पूर्ण जोरात वाजला, तर सेकंदाला १२५० ज्यूल ओढतो. म्हणजे शिदोरी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपली! ४० हर्ट्झच्या बेसचं एकच आवर्तन २५ मिलिसेकंदांचं असतं. तेवढंही पुरं होत नाही. शिवाय रिकामा झालेला डबा भरायचा कोणी? आधीच दमलेल्या त्याच अल्टरनेटरने.

शेजारच्या ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत १९ लाखांच्या वर ज्यूल असतात. कॅपॅसिटर म्हणजे टाकीजवळ ठेवलेला तांब्या. पटकन ओतता येतो, एवढंच.

खरा दोषी शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो. बेस दणदणत असताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, मग अँप्लिफायरच्या. बॅटरीवर १४ आणि अँप्लिफायरवर १३ दिसले, तर तो एक व्होल्ट वायरने खाल्ला. ८ चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तांब्याच्या वायरीत ९० अँपिअरला एवढा फटका बसतोच. गंजलेलं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याला केलेली जोडणी, त्यात भर घालतं. जाड केबल घाला, अर्थचा पत्रा घासून घ्या. बॅटरीवरच १२.५ दिसत असेल, तर मोठा अल्टरनेटर हवा, नाहीतर आवाज कमी.

मग हा डबा अगदीच निकामी का? तसं नाही. लांब वायरीच्या टोकाला, अँप्लिफायरला खेटून बसवला तर क्षणिक घसरण थोडी बोथट होते. अँप्लिफायरच्या आतही याच कामासाठी छोटे कॅपॅसिटर असतातच.

बसवणारच असाल, तर रिकामा कॅपॅसिटर थेट जोडू नका, मोठी ठिणगी उडते. पॉझिटिव्ह वायरीत आधी १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब मालिकेत जोडा. तो लख्ख पेटतो, हळूहळू मंदावतो आणि विझतो. विझला की डबा भरला. बल्ब काढून वायर कायमची जोडा.