‘एरर येतेय’ की ‘उत्तर चुकतंय’?

“दादा, प्रोग्राम चालंना.” सांगलीत बीसीए किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या पोरांकडून सीनियरला येणारा मेसेज बहुतेक वेळा एवढाच असतो, सोबत मॉनिटरचा तिरका फोटो. यात दोन वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. कधी सी भाषेतला प्रोग्राम कंपाइलच होत नाही, म्हणजे कॉम्प्युटरला चालवता येईल अशा रूपात बदलतच नाही. कधी तो मुकाट कंपाइल होतो, चालतो आणि चुकीचं उत्तर देतो. यातलं कुठलं, हे न सांगता मदत मागितली की सुरुवातीचा वेळ उलटतपासणीतच जातो.

एरर असेल तर काम त्या मानाने सोपं, कारण कंपाइलर, म्हणजे कोडचं हे रूपांतर करणारं सॉफ्टवेअर, स्वतःच बोलतो. त्याचं बोलणं जसंच्या तसं पुढे पाठवायचं: पूर्ण मेसेज, ओळीचा नंबर आणि कोड, सगळं टेक्स्टमध्ये. ‘सेमीकोलनचं काहीतरी म्हणतोय’ एवढ्यावर भागत नाही. स्क्रीनभर एरर दिसल्या म्हणून हबकू नका. एक महिरपी कंस राहिला तरी खाली रांग लागते. सगळ्यात वरची दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा, मग उरलेल्या बघा. ओळीच्या नंबरवरही डोळे झाकून विसंबू नये. नवव्या ओळीत सेमीकोलन राहिला तर टर्बो सी हा जुना कंपाइलर दहाव्या ओळीकडे बोट दाखवतो, कारण तिथे पोचल्यावरच आधीचं वाक्य अपुरं असल्याचं त्याला कळतं. नोट्सच्या पीडीएफमधून कोड चिकटवला असेल तर अवतरणचिन्हं वळणदार येतात आणि जीसीसी हा दुसरा कंपाइलर ‘स्ट्रे’ (भलतंच अक्षर) म्हणून ओरडतो. ती खोडून कीबोर्डवरून पुन्हा टाइप करायची.

उत्तर चुकतं तेव्हा मात्र कंपाइलर गप्प असतो. आता बोलायचं काम तुमचं: इनपुट काय दिलं, काय यायला हवं होतं, प्रत्यक्षात काय आलं. यातला मधला आकडा वहीत हाताने काढलेला हवा, आणि पोरं नेमका तोच टाळतात.

समजा मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांचे क्विंटलचे तीन दर आहेत: १४२००, १४५०० आणि १५१५० रुपये. बेरीज ४३८५०, सरासरी १४६१६.६७. प्रोग्राम दाखवतो १४६१६.००. सरासरी ठेवायचं व्हेरिएबल तर फ्लोट (दशांश मावणारं) आहे, मग पैसे गेले कुठे? बेरीज इंट (म्हणजे पूर्णांक), ३ सुद्धा इंट. सीमध्ये इंटला इंटने भागलं की दशांश तिथेच कापला जातो, आणि कापून उरलेला आकडा फ्लोटमध्ये जाऊन बसतो.

हाच प्रोग्राम लॅबमधल्या टर्बो सीवर उत्तर देतो उणे ७२२८.००! तिथे इंट दोन बाइटचा, ३२७६७ च्या पुढे मावत नाही. ४३८५० मधून ६५५३६ वजा होऊन बेरीज उणे २१६८६ होते, आणि भागाकार त्या आकड्याचा होतो. मोबाइलवर बरोबर आणि प्रॅक्टिकलला चूक, यामागे पुष्कळदा एवढंच असतं. दर इंटमध्ये ठेवले तरी चालेल, बेरीज लाँगमध्ये, म्हणजे मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात घ्या. पण तिन्ही दर एकाच ओळीत मिळवत असाल तर एक तरी दर लाँग हवा, नाहीतर ती इंटमध्येच होते. म्हणून तक्रार कुठलीही असो, कंपाइलरचं नाव आधी सांगायचं.

सेमीकोलन राहिला तर एरर येते हे सगळ्यांना माहीत असतं. जास्तीचा पडला तर? तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या फॉर लूपच्या कंसानंतर तो चुकून दिला की लूप नुसताच फिरतो आणि खालचा प्रिंटएफ (छापायची आज्ञा) एकदाच चालतो: १ ते ५ ऐवजी एकटा ६ छापला जातो. एरर नाहीच.

स्कॅनएफमध्ये (इनपुट घ्यायच्या आज्ञेत) अँडचं चिन्ह (&) विसरणं हा प्रकार ना धड इकडचा ना तिकडचा. कंपाइल होतं, फार तर वॉर्निंग येते, आणि आकडा देऊन एंटर दाबलं की प्रोग्राम कोसळू शकतो. वॉर्निंग आली असेल तर तीही पाठवा.

कोड व्हॉट्सॲपवर टाकताना आधी आणि शेवटी तीन-तीन बॅकटिक (`) द्या. नाहीतर काही ठिकाणी ताऱ्यांची (*) जोडी गायब होऊन अक्षरं ठळक होतात, आणि समोरचा नसलेली चूक शोधत बसतो.

आणि ‘पूर्ण कोडच पाठव ना’ म्हणू नये. ओरलला (तोंडी परीक्षेला) उभं तुम्हालाच राहायचंय. त्यापेक्षा असं लिहा: “जीसीसी वापरतोय. दर १४२००, १४५००, १५१५०. हवं १४६१६.६७, येतंय १४६१६.००. बेरीज छापून बघितली, ४३८५० बरोबर आहे, भागाकारानंतर बिघडतंय. कोड खाली दिलाय.” याला उत्तर एका ओळीचं येतं: ३ ऐवजी ३.० ने भाग.