स्त्री-दातृत्व (गोवा)

स्त्री-दातृत्व (गोवा) : विवाहित स्त्रीने स्वतःच्या मिळकतीतून शिक्षणसंस्थेला, विशेषतः विद्यापीठाला, देणगी देण्याची रीत. गोव्यात या रीतीला समाईक मालमत्तेच्या कायद्याची चौकट आहे, त्यामुळे तिचे स्वरूप इतर मराठी मुलखाहून वेगळे पडते.

मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात पार्वतीबाई चौगुले ही महाविद्यालये निघाली. गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ चा, प्रत्यक्ष कामकाज १९८५ पासूनचे. विद्यापीठातील अध्यासनांना दामोदर कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारिओ मिरांडा अशी नावे आहेत. संस्थेला स्त्रीचे नाव असले म्हणजे ती दात्री होती असे मात्र नव्हे. मुंबईच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये पंधरा लाख रुपये दिले ते विठ्ठलदास ठाकरसींनी. नाव लागले त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे.

समाईक मालमत्तेतील पत्नीच्या निम्म्या हिश्श्याचा उगम वादग्रस्त आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८६९ च्या हुकुमाने वसाहतींना लागू झाली आणि तिचा अंमल साधारणतः १८७० पासून धरतात. काही अभ्यासक हा हिस्सा बराच मागे नेतात. १६०३ च्या फिलिपीन (पोर्तुगालच्या राजा फिलिपच्या नावाच्या) कायदेसंग्रहात ‘कार्ता द मेताद’, म्हणजे अर्ध्या-अर्ध्याचा विवाह, हीच रूढ पद्धत मानली होती, असा त्यांचा आधार. ख्रिस्ती कुटुंबांपुरते हे पटण्याजोगे आहे. पण १५२६ च्या फोरालात, म्हणजे गावांच्या रूढींच्या पोर्तुगीज सनदेत, नोंदलेल्या गावरीतीत वारसा पुरुषांकडे जाई, आणि हिंदूंच्या काही चालीरीतींना १८८० च्या हुकुमाने वेगळी मुभा मिळाली. तेव्हा हिंदू घरांपुरता हा हक्क १८७० नंतरचा मानणे अधिक सयुक्तिक.

लग्नाआधी करार केला नसेल, तर नोंदणीच्या ‘सह्या’ झाल्या की दोघांची मालमत्ता एक होते. म्हणूनच जमिनीच्या खरेदीखतात ‘पहिला विक्रेता’ नवरा आणि लगेच खाली ‘दुसरी विक्रेती, त्याची पत्नी’ असे दिसते. दुकान तिच्या एकटीच्या नावावर असले, तर हीच ओळ उलटी होऊन येते.

बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शाळेत पी.टी. शिकवणारी बाई पुढे नोकरी सोडून क्रीडासाहित्याचा धंदा काढते, असे समजू. संहितेच्या दृष्टीने तिचा पगारही समाईकच होता. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५अ नुसार मात्र पगारावर कमावणारीने एकटीने कर भरायचा, आणि धंद्याचा नफा नवरा-बायकोत निम्मा-निम्मा वाटून धरायचा. धंदा तिने एकटीने उभा केला असला तरी हिशेब हाच. हे कलम १९९४ च्या वित्त अधिनियमाने घातले, तेही १९६३ पासून पूर्वलक्षी!

इमारत वा जमीन विद्यापीठाला द्यायची तर जोडीदाराची संमती लागते. मुलेबाळे असल्यास आपल्या हिश्श्याचा निम्माच भाग मनाप्रमाणे देता येतो, कारण उरलेला सक्तीच्या, म्हणजे कायद्याने डावलता न येणाऱ्या, वारसांचा. म्हणजे समाईक मालमत्तेपैकी तिच्या मर्जीची उरते ती चौथाई. त्याहून जास्त दिले असेल, तर तिच्या पश्चात इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याच्या कोर्टातील कामकाजाच्या, वेळी वारस हरकत घेऊन दान कमी करून घेऊ शकतात. ही तरतूद आता २०१२ च्या गोवा वारसा अधिनियमात आहे. तो अमलात आला २०१६ च्या डिसेंबरात.